ॲलिसची उत्तरे आणि आपली दुकाने

न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या आरोग्यसेवेने १९९३ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी 'गो आस्क ॲलिस' हे प्रश्नोत्तरांचे सदर संगणकावर सुरू केले. पुढे इंटरनेटमुळे ते जगभर वाचले जाऊ लागले. ॲलिस नावाची कोणी बाई नाही. आरोग्यक्षेत्रातली जाणकार मंडळी मिळून तिच्या नावाने उत्तरे लिहितात. विचारणाऱ्यालाही नाव सांगावे लागत नाही.

विशीतल्या मुलामुलींना आरोग्याची माहिती आपल्या कामाची केव्हा वाटते? आपल्या पाठ्यपुस्तकांत आधी रोगाची व्याख्या, मग कारणे, लक्षणे, उपाय. त्या वयात व्याख्या कोणाला हवी असते? 'मला होतंय ते इतरांनाही होतं का?' ही खरी शंका असते. ॲलिस सुरुवात तिथून करते. प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडचा, अडखळत मांडलेला. उत्तर उपदेशाचा सूर न लावता दिलेले. उत्तर केव्हा लिहिले आणि केव्हा पुन्हा तपासले याच्या तारखाही असतात, हे मला फार आवडले. (मराठीला ही रीत परकी नाही. र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वाचकांच्या खासगी प्रश्नांना रोखठोक उत्तरे देत, आणि त्यापायी त्यांनी खटलेही सोसले.) प्रश्नपेटी ठेवणाऱ्या शिक्षकांनी ही पद्धत जरूर उचलावी.

उत्तरे मात्र जशीच्या तशी उचलू नयेत. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थ्याला जांघेत नायटा झाला. घरी सांगायची लाज, म्हणून त्याने अशाच एका परदेशी संकेतस्थळावर वाचले : बुरशीनाशक मलम लावा, चिठ्ठीशिवाय मिळते. सल्ला चुकीचा नव्हता. त्याने दुकानात हलक्या आवाजात 'नायट्याचं मलम' मागितले. मिळालेल्या नळीत बुरशीनाशकाच्या जोडीला जोरदार स्टेरॉइडही होते. स्टेरॉइडमुळे त्वचेची प्रतिकारशक्ती दबते. लाली आणि खाज चटकन कमी होते, म्हणून औषध लागू पडले असे वाटते. बुरशी मात्र पसरत राहते. मलम थांबवले की नायटा दुप्पट जोमाने वर येतो. त्याने चार महिने हेच केले.

अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळते ते सौम्य स्टेरॉइड, १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन. जोरदार मलमाला डॉक्टरची चिठ्ठी लागते. आपल्याकडेही २०१८ मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीच्या यादीत घातली गेली, पण काउंटरवर चिठ्ठी मागतातच असे नाही. न्यूयॉर्कमध्ये बसून लिहिणाऱ्यांना ही गोष्ट सुचण्याचे कारण नाही. त्यांचा वाचक वेगळ्या दुकानात जातो.

आमच्या विद्यार्थ्याला ॲलिसच्याच सुरात, पण इथल्या माणसाने लिहिलेले एक वाक्य वेळेवर मिळायला हवे होते : नळीवर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन हे शब्द दिसले, तर ती नायट्यावर लावू नकोस, दुकानदाराला परत कर.