‘ओत्तेपेल’ म्हणजे वसंत नव्हे

इल्या एरेनबुर्ग यांच्या १९५४ च्या कादंबरीचे नाव ‘ओत्तेपेल’. स्तालिनोत्तर सोव्हिएत कालखंडाला पुढे हेच नाव पडले. त्याचा अर्थ ‘बर्फ वितळणे’ एवढाच सांगणे मला अपुरे वाटते. रशियन भाषेत ओत्तेपेल म्हणजे ऐन हिवाळ्यात आलेली तात्पुरती ऊब. त्यानंतर सारे पुन्हा गोठू शकते. १९५८ साली पास्तरनाक यांना नोबेल नाकारणे भाग पडले, १९६४ साली ब्रॉडस्कींवर खटला चालला. शब्दात हा इशारा होताच.

म्हणून दलित लेखकाला प्रस्थापितांच्या व्यासपीठावर जागा मिळाली आणि कुणी ‘बर्फ वितळले’ म्हणाले, की मी विचारतो : ऋतू पालटला, की नुसती ऊब आली? मेहरबानीची ऊब देणारा ती केव्हाही काढून घेतो. आपला लढा ऋतुपालटासाठी आहे.