गर्भावस्थेतील अपस्मार-औषधे : बदलत्या प्रवाहांची चिकित्सा

गर्भवतींच्या अपस्मारोपचारात व्हॅल्प्रोएट मागे पडून लॅमोट्रिजिन व लेव्हेटिरासिटाम पुढे आल्याचे जागतिक अभ्यासांतून दिसते. व्हॅल्प्रोएटमुळे सुमारे १० टक्के अर्भकांत जन्मजात व्यंग, तर ३० ते ४० टक्के बालकांत विकासदोष संभवतात. म्हणून युरोपने २०१८ मध्ये कडक निर्बंध घातले. भारतात १९९८ मध्ये केरळात अशा गर्भवतींची नोंदवही सुरू झाली. मात्र या टक्केवारीत स्त्रीची सामाजिक स्थिती उमटत नाही. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराचा अडसर १९९९ च्या दुरुस्तीने दूर झाला, तरी समाजमनातील संकोच पूर्णपणे गेलेला नाही. चिखलीसारख्या तालुक्यात ‘फिट’ सासरपासून लपविणारी स्त्री गर्भ राहताच गोळ्या परस्पर बंद करीत असेल, तर झटक्यांचा धोका तिला व गर्भालाही असतो. औषधबदल गर्भधारणेपूर्वीच वैद्यकीय सल्ल्याने व्हावा, हे सूत्र आजार उघडपणे सांगता आला तरच सार्थ ठरते.