पाण्याच्या अलीकडे, पाण्याच्या पलीकडे

मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रांत स्नानसंस्काराचा शोध घेऊ लागले की एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. प्रत्यक्ष विधीला या लेखनात फारच थोडी जागा मिळते. पाने भरतात ती विधीच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांनी. काहींना ही उणीव वाटेल. माझ्या मते या ग्रंथांचे मर्म तेथेच आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली वर्षे हाच त्या कथनाचा गाभा होय. पतीचे घर की आपले सोवळे, या ओढाताणीत त्या सापडल्या होत्या. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या विचाराने काढला. म्हणजे कपाळावर पाणी पडण्यापूर्वीच, ज्या पाण्याने माणसाला माणसापासून तोडले होते, ते त्यांनी मनाने ओलांडले होते. पुढे १९२७ साली याच आपल्या जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यावर, डॉ. आंबेडकरांना पाण्याच्या ओंजळीसाठी सत्याग्रह करावा लागला, हे आठवले म्हणजे लक्ष्मीबाईंच्या त्या निर्णयाचे मोल कळते.

पंडिता रमाबाईंचा प्रवास याच्या उलट दिशेचा. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र पुढे काही वर्षांनी भेटला, अशी कबुली त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत दिली आहे. एकीला पाण्याच्या अलीकडे वाट चालावी लागली, दुसरीला पलीकडे.

टिळकांनी स्वतः एक अवघड प्रश्न मागे ठेवला. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा दिली. 'इच्छेचा बाप्तिस्मा' आपल्या कॅथॉलिक परंपरेलाही परका नाही. तरीही या दरबाराशी पूर्ण सहमत होणे आपल्याला कठीण जाते. श्रद्धा केवळ मनात राहात नाही. तिला पाणी लागते, नाव लागते, 'हा आमचा' म्हणणारी मंडळी लागते. टिळकांना मंडळी हवी होती, कुंपण नको होते. त्यांचे उत्तर न पटले तरी त्यांचा प्रश्न टाळता येत नाही.

कर्जत-खालापूर भागातल्या आपल्यासारख्या विखुरलेल्या कुटुंबांना तर तो अधिकच भिडतो. येथे एका अंगाला उल्हास वाहते, दुसऱ्या अंगाला पाताळगंगा. पावसाळ्यात ओढे दुथडी भरतात आणि उन्हाळ्यात आदिवासी वाड्यांवरच्या बायका हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. पाणी जगवते तसे मारतेही, हे या भूमीला कुणी शिकवावे लागत नाही. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे आणि पुरले जाणे, असे संत पौलाने रोमकरांस लिहिले. ते कठोर शब्द आपण पांढऱ्या झबल्यात आणि बारशासारख्या जेवणावळीत गुंडाळून ठेवले आहेत.

आपल्यापैकी बहुतेकांचा स्नानसंस्कार तान्हेपणी झाला. तेव्हाची वचने आईबाप आणि धर्ममातापित्यांनी दिली. आपल्याला त्या दिवसाची आठवण नाही. म्हणूनच आपल्या लेखनात लक्ष्मीबाईंसारखे 'अलीकडचे' प्रकरण येणार नाही. पण 'पलीकडचे' प्रकरण का येऊ नये? पास्काच्या जागरणविधीत मेणबत्ती हाती धरून आपण दरवर्षी ती वचने स्वमुखाने उच्चारतो. त्यानंतर घरी परतलेला माणूस शेजारच्या वाडीशी, गड्याशी, सुनेशी कसा वागतो, हे आपल्या कथा-कवितांत क्वचितच येते.

ते येत नाही, तोवर स्नानसंस्काराची नोंद धर्मग्रामाच्या वहीत राहील, आपल्या साहित्यात नाही.