‘ट्रायफल्स’मधील गोधडी : टाका, पुरावा आणि न्याय

प्रस्तावना :
अमेरिकन नाटककार सुझन ग्लास्पेल (१८७६–१९४८) यांची ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका १९१६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्रॉव्हिन्सटाउन येथे प्रथम सादर झाली. पुढील वर्षी लेखिकेने तीच कथावस्तू ‘अ ज्युरी ऑफ हर पिअर्स’ या कथेत मांडली. स्त्रीवादी समीक्षेत या दोन्ही संहितांना मानाचे स्थान आहे. त्यांतील गोधडीकडे मात्र बहुधा ‘स्त्रियांच्या एकोप्याचे प्रतीक’ म्हणून पाहिले जाते. हे वाचन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. या संहितांत गोधडी ही प्रतीक होण्याआधी एक हस्तकौशल्य आहे आणि त्या कौशल्याच्या नियमांवरच कथानकाचा डोलारा उभा आहे, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :
डिसेंबर १९०० मध्ये आयोवा राज्यात जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा झोपेत असताना कुऱ्हाडीने खून झाला. आरोप पत्नी मार्गारेट हिच्यावर आला. ग्लास्पेल यांनी वार्ताहर म्हणून या खटल्याचे वृत्तांकन केले. १९०१ मध्ये केवळ पुरुषांच्या ज्युरीने मार्गारेटला दोषी ठरविले. पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि फेरखटल्यात १९०३ मध्ये ज्युरीचे एकमत होऊ शकले नाही. एकांकिकेत कुऱ्हाडीच्या जागी दोरीचा फास आला आहे. हा बदल किती हेतुपूर्वक आहे, हे शेवटच्या उद्गारात कळते.

जोडकामाचे व्याकरण :
मिनी राइट जी गोधडी शिवत होती, तिचा नमुना ‘लॉग केबिन’ हा आहे. या नमुन्यात मध्यभागी एक लहान चौकोन असतो. त्याभोवती कापडाच्या अरुंद पट्ट्या क्रमाने जोडल्या जातात. ओंडक्यांवर ओंडके रचून घर उभारावे तशी ही रचना असल्याने तिला हे नाव पडले. सामान्यतः कर्णाच्या एका बाजूस फिकट आणि दुसऱ्या बाजूस गडद पट्ट्या असतात. पुढील पट्टी आधीच्या शिवणीवर टेकते; त्यामुळे एक शिवण वाकडी गेली की पुढचा सारा चौकोन तिरका होतो. हातशिवणीत टाक्यांचे अंतर सारखे ठेवणे हे निव्वळ सौंदर्यासाठी नसते, चौकोन चौकोन राहावा यासाठी असते.

हे लक्षात घेतले म्हणजे मिसेस हेल यांना जे दिसते त्याचे महत्त्व कळते. इतर चौकोन नीटस, एकसारखे. एक मात्र अस्ताव्यस्त. तपासासाठी आलेले पुरुष खोल्या धुंडाळतात, बायकांच्या काळजीच्या गोष्टींना क्षुल्लक म्हणून हसतात; परंतु मनाची घडी केव्हा विस्कटली याची नोंद त्या शिवणीतच आहे. मिनी रंगमंचावर कधीच येत नाही. तिचा हात तेवढा तेथे उपस्थित आहे.

पुराव्याचे वाचन आणि त्याचा नाश :
येथे एक अडचणीचा प्रश्न उद्भवतो. तो टाळून चालणार नाही. मिसेस हेल ती वाकडी शिवण उसवतात आणि स्वतःच्या हाताने पुन्हा घालू लागतात. म्हणजे ज्या दृष्टीला पुरावा वाचता येतो, तीच दृष्टी तो पुसून टाकते. पुढे शिवणसामानाच्या पेटीत मान मुरगळलेला पक्षी सापडतो आणि तोही लपविला जातो. वाकडा टाका खून सिद्ध करीत नाही, तो केवळ अस्वस्थता सांगतो. खुनाचा हेतू पक्ष्यामुळे सूचित होतो. या दोन स्त्रिया न्याय करतात की न्यायप्रक्रियेत अडथळा आणतात? कथेच्या शीर्षकाने ‘समकक्षांची ज्युरी’ हे उत्तर सुचविले आहे. ज्या समाजात आरोपी स्त्रीच्या खटल्यात एकही स्त्री न्यायनिवाड्यास बसू शकत नव्हती, तेथे स्वयंपाकघरच न्यायालय होते, हा लेखिकेचा युक्तिवाद बलवान आहे. तथापि मृत जॉन राइटची बाजू मांडणारे तेथे कोणी नाही, हेही नोंदविले पाहिजे. संहितेचे मोठेपण ही अस्वस्थता शिल्लक ठेवण्यात आहे.

दोन्ही रूपांची तुलना करता, या बाबतीत कथा अधिक समर्थ ठरते. प्रेक्षागृहात बसलेल्याला वाकडा टाका दिसत नाही, त्याला मिसेस हेल यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. कथेचे निवेदन त्यांच्या नजरेला चिकटून चालते, म्हणून वाचक तो टाका जणू स्वतः पाहतो.

गाठ आणि भाषांतर :
शेवटी सरकारी वकील गोधडी कशी पुरी होणार होती, असे थट्टेने विचारतो. थर एकत्र धरण्याच्या दोन रीती होत्या : सर्वत्र धावदोरा घालणे किंवा ठिकठिकाणी गाठी मारणे. ‘लॉग केबिन’ गोधड्या अनेकदा जाड होत, म्हणून गाठी सोयीच्या पडत. मिसेस हेल यांचे उत्तर गाठीच्या बाजूने आहे. वकिलाला ते शिवणकाम वाटते. प्रेक्षकाला फास आठवतो.

मराठी गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्यानेच एकजीव केले जातात. त्यामुळे हा भेद मराठी वाचकाला समजावून द्यावा लागतो. उलट मराठीत ‘गाठ’ म्हटले की लग्नगाठही मनात येते. फास आणि विवाह एकाच शब्दात सामावण्याची ही सोय मराठी भाषांतराच्या हाती आपसूक येते.

निष्कर्ष :
ज्या ज्ञानाला ‘क्षुल्लक’ ठरविले जाते, ते न वाचता येणे हे सत्तेचे अज्ञान असते, असे ही संहिता सांगते. वर्गात ती शिकविताना ‘गोधडी म्हणजे एकोपा’ एवढे सूत्र देऊन थांबणे म्हणजे त्या वकिलासारखेच शिवणीकडे न पाहता पुढे जाणे होय. आधी टाका पाहावा, मग अर्थ सांगावा.