स्थानिक संस्थांचें ऋण व सरकारी अंकुश : एका कायद्याच्या संहितेचें परीक्षण

ताम्रपट व महजर वाचण्यांत रमलेल्या आमच्या वाचकांस अर्वाचीन कायद्याची संहिता नीरस वाटण्याचा संभव आहे. तथापि लेख जुना असो वा नवा, त्यांत देणें कोणावर आलें आणि बोलण्याचा अधिकार कोणास राहिला, हे दोन प्रश्न विचारल्यावांचून त्याचें वाचन पुरें होत नाहीं. या दृष्टीनें स्थानिक संस्थांच्या कर्जांविषयींचा १९१४ चा ९ वा कायदा येथें परीक्षणास घेतला आहे. याच विषयावरील १८७९ च्या कायद्याची जागा त्यानें घेतली.

कर्ज कशासाठीं काढावें हें कायदा मोजक्या शब्दांत सांगतो : संस्थेस कायद्यानें करतां येतील अशीं कामें, दुष्काळांतील साहाय्य, घातक सांथीचें निवारण, या दोहोंस आनुषंगिक उपाय आणि पूर्वीं रीतसर काढलेल्या कर्जाची फेड. तारण म्हणजे संस्थेचा निधि. फेड न झाल्यास सरकारनें तो जप्त करावा. जप्तीनंतर नेमलेल्या अधिकाऱ्यावांचून कोणीं त्यास हात लावूं नये. उधळपट्टीस आळा घालणारी ही मर्यादा स्तुत्य आहे.

परंतु परवानगीचा अर्ज कसा करावा, चौकशी कोणती व्हावी, अर्जाचा तपशील केव्हां प्रसिद्ध करावा, कामाची पाहणी कशी करावी व हिशेब कसा ठेवावा, हें सर्व नियमांवर सोपविलें आहे. धनकोचें रक्षण सूत्रांतच आलें. भार वाहणाऱ्या करदात्याचें रक्षण मात्र वृत्तीवर राहिलें.

सरकारी अंकुश एकटा पुरा पडत नाहीं, याची साक्ष मुंबईचा इतिहास देतो. १८६५ च्या कायद्यान्वयें तेथील कारभार सरकारनियुक्त कमिशनराच्या हातीं आला. आर्थर क्रॉफर्ड साहेबांनीं रस्ते, स्वच्छता व मंडई यांचीं भरीव कामें केलीं. पण खर्च उत्पन्नाबाहेर गेला, कर्ज झालें आणि १८७१ मध्यें करदात्यांची चळवळ उभी राहिली. १८७२ च्या कायद्यानें ६४ सभासदांपैकीं ३२ करदात्यांनीं निवडावे असें ठरलें. सरकारी नेमणुकीनें जो तोल राहिला नाहीं, तो राखण्याकरितां करदात्यांचे प्रतिनिधि सभेंत बसवावे लागले.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं हा प्रश्न निराळ्या बाजूनें पाहिला. कात्यायनाची मूळ स्मृति लुप्त आहे. निबंधकारांनीं उद्धृत केलेलीं वचनें एकत्र करून म. म. पां. वा. काणे यांनीं १९३३ सालीं तिचा सारोद्धार प्रसिद्ध केला. गणाच्या नांवें ऋण काढून तें स्वार्थाकडे वळविणाऱ्यांनींच तें फेडावें, असा कात्यायनाचा निर्णय आहे. गण म्हणजे नगरपालिका नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु पैसा कोणीं खाल्ला, हें स्मृति विचारते. कोणता निधि जप्त करावा, हें १९१४ ची संहिता विचारते. आणि तो निधि तर करदात्यांनींच भरलेला ! दुरुपयोग करणाऱ्याचें दायित्व अन्य कायद्यांत शोधावें लागतें, हें या संहितेचें मुख्य वैगुण्य होय.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. नगरपालिकांचे जुने कर्जरोखे हातीं लागल्यास केवळ शिक्क्यासाठीं ते जपूं नयेत. त्यांमागील चौकशीचे कागद व हरकतींचे अर्जही सोबत जपावे. ऋण किती, हें रोखा सांगतो. तें कोणास जड झालें, हें हरकतीचा अर्ज सांगतो.