अनुशेषाचा फोटो निघत नाही

ज्या गावाचं नाव नरहर कुरुंदकरांनी आडनाव म्हणून जन्मभर वागवलं, त्या कुरुंद्यात उभं राहून बोलायचं म्हणजे आम्हांला जरा दडपणच येतं. म्हणून सुरुवात तुमच्याच अनुभवापासून करतो. जुलै २०२२ मध्ये या गावात पुराचं पाणी शिरलं. ते तुम्ही आपल्या उंबऱ्यात पाहिलं, बाकी महाराष्ट्रानं मोबाइलवर पाहिलं. कुरुंदा नकाशावर कुठे आहे, हे कितीतरी लोकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. चित्राची ही ताकद नाकारण्यात अर्थ नाही. आमचा प्रश्न पुढचा आहे. चित्र पाहून जे लोकमत तयार होतं, ते सरकारकडे नेमकं काय मागतं?

लातूरचं उदाहरण घ्या. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून दहा वाघिणींची गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. देशभर फोटो छापून आले. तहानलेल्याला पाणी मिळालं, त्याला कोण नावं ठेवील? पण त्या फोटोत काय होतं? रेल्वे आणि पाणी. मांजरा धरण कोरडं का पडलं, त्याच खोऱ्यात ऊस किती लावला, विंधनविहिरी किती खोल गेल्या, हे फोटोत मावत नाही. कारण घडायला वीस वर्षं लागतात आणि कॅमेरा क्षणभर उघडतो. मग लोकांच्या मनात प्रश्नाचं रूपच ठरून गेलं: पाणी नाही, तर बाहेरून आणा. होतं ते कोणी वापरलं, हा प्रश्न मागे राहिला.

मराठवाड्याचं सगळ्यात मोठं दुखणं कोणतं? अनुशेष. आता अनुशेषाचा फोटो कसा काढणार? दांडेकर समितीनं १९८४ मध्ये तो मोजून लिहून ठेवला. २०१३ मध्ये केळकर समितीनं पुन्हा लिहिलं. १९९४ मध्ये आलेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तेव्हा टीव्हीवाल्यांनी दाखवायचं तरी काय? कपाटाला लागलेलं कुलूप?

म्हणून लिहिलेलं ते सगळं थोर, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. जोतिरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. त्याची दोन प्रकरणं लोखंड्यांच्या 'दीनबंधू'नं छापली आणि पुढची थांबवली. लोखंडे परके नव्हते, सत्यशोधकच होते! जोतिरावांनी तो ग्रंथ लोकांना वाचून दाखवला. लेखाला वाचक लागतो; नसेल तर वाचून दाखवणारा तरी लागतो. आणि समित्यांचे अहवाल? ते कोणी वाचू नये अशाच भाषेत लिहिलेले असतात. यात आम्हीही दोषी आहोत. अर्धं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवलं, पण तुमच्या गावात कोणी पारावर बसून वाचेल असं एक पान काही आम्ही पाणीवाटपावर लिहिलं नाही.

मार्च २०१८ चा किसान लाँग मार्च आठवा. नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या त्या माणसांच्या सोललेल्या तळव्यांचे फोटो पाहून मुंबईकर रस्त्यावर उतरले. कोणी पाणी दिलं, कोणी चपला दिल्या. जे लेखांनी वर्षानुवर्षं झालं नाही ते त्या तळव्यांनी आठवड्यात केलं, हे कबूल केलं पाहिजे. पण एक गोष्ट बघा. १२ मार्चला मोर्चेकऱ्यांनी आश्वासन लेखी घेतलं. सोललेल्या पायांनी आलेल्या लोकांना कागदाची किंमत आमच्यापेक्षा जास्त कळत होती. तरी पुढच्याच फेब्रुवारीत त्यांना पुन्हा चालायला निघावं लागलं. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा ठरतो तो ग्रामसभेच्या ठरावावर, पुराव्यांवर, पंचनाम्यावर. पाय सगळ्यांनी पाहिले. दाव्याच्या फायली कोणी वाचल्या?

आता पुन्हा कुरुंद्याकडे येतो. त्या पुराचे व्हिडिओ तुमच्यापैकी पुष्कळांनी काढले असतील. फोन बदलला की तेही जातात. पण पाणी किती वाजता चढलं, कोणत्या भिंतीपर्यंत आलं, ओढा कुठे अरुंद झालाय, कोणाचं धान्य गेलं आणि त्याला काय मिळालं, हे तुमच्यापैकी कोणी वहीत लिहून ठेवलं आहे का? असेल तर सभा संपल्यावर आम्हांला दाखवा. आमची गाडी उशिरा आहे.