कोठे जावे? : पौषातील प्रवास आणि आमचे प्रवासवर्णन

इंदुरास थंडी पडू लागली म्हणजे दोन गोष्टी हमखास ओळीने येतात. सराफ्यात रात्रीच्या वेळी गराडू तळल्याचा वास सुटतो आणि घरोघर 'यंदा कोठे जायचे?' हा वाद सुरू होतो. पहिल्या गोष्टीविषयी शहरात मतभेद नाहीत. दुसरीचा खटला आमच्या घरी दरसाल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नव्याने दाखल होतो, आणि ज्याचे आयुष्य न्यायालयात चालले आहे त्यालाच येथे निकाल देण्याचा अधिकार नसतो. यंदा कन्येने समुद्राची मागणी केली आहे, चिरंजीवांस बर्फ हवे आहे, आणि आमच्या मातोश्री काहीच बोलत नाहीत. वकिलीत इतकी वर्षे काढल्यावर एवढे कळते, की जो पक्ष बोलत नाही त्याचे म्हणणे सर्वांत गंभीर असते.

उभय पक्षांनी पुरावा म्हणून चित्रे पुढे केली. हल्ली चित्रांस तोटा नाही. ज्या स्थळाचे पाणी चित्रात अधिक निळे, ते स्थळ अधिक चांगले. जेथे 'पाहण्याजोगी दहा ठिकाणे' आहेत ते स्थळ सात ठिकाणांच्या स्थळाहून श्रेष्ठ. भाडे किती, जेवण कसे, गर्दी कितपत, याची चौकशी झाली. त्या जागी आपले काही काम आहे काय, तेथे आपली कोणी वाट पाहत आहे काय, हा प्रश्न कोणाच्याही मनात आला नाही. खरे सांगावयाचे तर प्रथम आमच्याही आला नाही. तो आला पुस्तकांच्या कपाटाशी उभे राहिल्यावर. आमच्या भाषेत प्रवासवर्णने थोडी नाहीत. ती लिहिणाऱ्यांनी आपापली स्थळे कशी निवडली हे एकदा पाहावे, असे वाटले.

आरंभ विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'पासून करणे प्राप्तच होते. हे पुस्तक इंदूरकरांस अर्धे घरचे आहे. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली काकांबरोबर निघाला तो मथुरेच्या वाटेने. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून दक्षिणा भरपूर मिळेल, असे त्याच्या कानी आले होते. घरावर कर्ज होते. वाटेत महूच्या परिसरात शिपायांच्या तोंडून येऊ घातलेल्या बंडाची वार्ता कळली, तरी हे दोघे मागे फिरले नाहीत. पुढे उज्जैन, धार, ग्वाल्हेर, झांशी, कानपूर, लखनौ, अयोध्या, काशी असा फेरा झाला. ज्या यज्ञासाठी निघाले तो वाट्यास आला नाही. झांशीत वेढ्यात सापडले, लुटले गेले, आणि अडीच-तीन वर्षांनी घरी पोहोचले तेव्हा दक्षिणेचा बहुतेक पैसा गेला होता. खांद्यावर आईवडिलांसाठी आणलेली गंगेची कावड तेवढी राहिली होती.

चिंतामण विनायक वैद्य यांनी हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध केले ते आपल्या संस्कारासह. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली आली. तेव्हापासून आजवर बहुतेक वाचक ते झांशीच्या राणीसाठी वाचतात आणि तीर्थांची पाने भराभर उलटतात. आमच्या मते हे वाचन एकांगी आहे. इतिहास त्या पुस्तकात आला तो वाटेत आडवा आला म्हणून. पुस्तकाचा सांगाडा यात्रेचा आहे, आणि तो दोन हेतूंवर उभा आहे: एक द्रव्याचा, एक मातापित्यांच्या गंगास्नानाचा. पहिला हेतू बंडाने धुळीस मिळविला, दुसरा टिकला. घरी परतल्यावर त्या गंगोदकाने आईवडिलांस स्नान घालतात तेथे पुस्तक खऱ्या अर्थाने पुरे होते. गोडसे भटजींचे डोळे इतके तीक्ष्ण का, याचेही उत्तर आम्हांस यातच दिसते. ज्याला कोठे तरी पोहोचावयाचे आहे आणि काही तरी घेऊन परतावयाचे आहे, त्याला वाटेतील प्रत्येक नाका, प्रत्येक धर्मशाळा, प्रत्येक अनोळखी माणूस नीट पाहावाच लागतो.

गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या १९५७ सालच्या पुस्तकात तर स्थळ निवडण्याचा प्रश्नच उरत नाही. परिक्रमेकऱ्याने नर्मदा उजव्या हातास ठेवून चालावयाचे, पात्र ओलांडावयाचे नाही, एवढा नियम. कोठे जावे हे नदी ठरविते. आम्ही नर्मदेपासून दोन-अडीच तासांवर राहणारे लोक. रविवारी मोटारीतून महेश्वरास जाऊन अहिल्याबाईंच्या घाटावर तासभर बसतो, नावेत फिरतो, एखादी साडी घेतो आणि संध्याकाळी परत. दांडेकर वाचल्यावर आमचा तो तास आम्हांस फार स्वस्त वाटला.

आता 'अपूर्वाई'. पु. ल. देशपांड्यांचे हे पुस्तक १९६० साली आले आणि मराठी मध्यमवर्गाने त्यावर जेवढे प्रेम केले तेवढे क्वचितच दुसऱ्या प्रवासवर्णनावर केले असेल. ते सार्थच होते. तथापि त्या पुस्तकाच्या यशाने पुढील मराठी प्रवासवर्णनाचे नुकसान केले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो. पु. ल. इंग्लंडला गेले ते दूरचित्रवाणीच्या शिक्षणासाठी. काम होते, मुक्काम होता, आणि मुख्य म्हणजे पाहणारा मनुष्य पु. ल. होता. पुस्तकाचा खरा विषय विलायत नसून विलायतेत वावरणारा मराठी माणूस हा आहे. अनुकरण करणाऱ्यांनी तो विषय उचलला. काम, मुक्काम आणि दृष्टी मागेच राहिली. मग विमानात काय खाल्ले, बर्फात कोण घसरले, चहा कोठे मिळाला नाही, यांचे ढीग पडले. त्या पुस्तकांतील शहरे अदलाबदल केली तरी कोणास पत्ता लागणार नाही. आज घराघरांत सुटीचे स्थळ ठरते ते ह्याच धाटणीने. स्थळ कोणतेही चालते. आपण त्यात कसे दिसू हे महत्त्वाचे.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेणे न्यायाचे होईल. उद्देश असला म्हणजे प्रवास चांगला होतो असे मुळीच नाही. घाटांची यादी, दक्षिणेचा दर आणि 'दर्शन उत्तम झाले' यापलीकडे न जाणारी कितीतरी यात्रावर्णने आम्ही वाचली आहेत; ती लिहिणाऱ्यांपाशी उद्देश होता, डोळे नव्हते. शिवाय वर्षभर खपणाऱ्या माणसाने आठ दिवस निरुद्देश समुद्राकडे पाहत बसावे, यात पाप काय? काहीच नाही. रवीन्द्र केळेकर हे तर गोव्याचे, समुद्र उशाशी असलेले. त्यांनी कोकणीत पुस्तक लिहिले ते 'हिमालयांत', आणि १९७७ साली कोकणीस साहित्य अकादेमीचा पहिला पुरस्कार मिळाला तो ह्याच प्रवासवर्णनास. (हे सांगताच चिरंजीवांच्या बर्फाच्या पक्षास बळ आले, हा आमचाच गाफीलपणा.) ओढ कोणत्याही दिशेची असो, ती खरी असावी, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे. चित्र पाहून उत्पन्न झालेली ओढ दुसरे चित्र दिसेपर्यंतच टिकते.

कन्येच्या समुद्राचे नाव गोवा आहे. डिसेंबरच्या अखेरीस अर्ध्या हिंदुस्थानास एकाच वेळी हेच नाव सुचते. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचे कुलदैवत त्याच भूमीत आहे, म्हणून या निवडीकडे परक्यासारखे पाहणे आम्हांस शक्य नाही. माळवा आणि अंत्रुज महाल यांचे नातेही आजचे नव्हे. रामचंद्र मल्हार सुखटणकर, ज्यांस माळव्यात रामचंद्रबाबा शेणवी म्हणतात, ते राणोजी शिंद्यांचे दिवाण. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार त्यांच्या हातून झाला. आणि १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानास दिले तेही त्यांच्याच सूचनेवरून. महाकालाची सेवा करताना ज्याला कुशस्थळीहून १५६० साली प्रियोळास आलेल्या मंगेशाचा विसर पडला नाही, अशा गृहस्थाच्या वाटेवर आम्ही राहतो. १९५५ च्या सत्याग्रहानंतर गोव्याची सरहद्द बंद झाली, तेव्हापासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत आमच्या आजोबांस दर्शनास जाता आले नाही. त्या वर्षांत कुलदैवताच्या नावाचा नारळ इंदुरातच, घरच्या देव्हाऱ्यापुढे ठेवला जाई. वाट बंद होती तेव्हा स्थळ मनात पक्के होते. आज विमान काही तासांत नेऊन पोहोचविते, आणि स्थळ 'दक्षिण गोवा दर्शन' या एका ओळीत मावते.

ती ओळ आम्हीही जगलो आहोत. पाच वर्षांमागे डिसेंबरातच एका प्रवासी कंपनीच्या बसमधून आम्ही सहकुटुंब गेलो. मसाल्याची बाग, जुन्या गोव्यातील चर्चे, मंगेशी, मग किनारा, असा क्रम. देवळास पंचवीस मिनिटे. तळी, दीपमाळ, रांग, दर्शन, छायाचित्र. मातोश्रींनी बाहेर आल्यावर सहज विचारले, की अग्रशाळेकडे जाऊन यावे काय? १९७१ साली लग्नानंतर त्या तेथील एका खोलीत तीन रात्री राहिल्या होत्या. खिडकीतून पालखीचे दिवे दिसत, असे त्या अनेकदा सांगत. बसने कर्णा वाजविला. आम्ही म्हणालो, "आई, पुढल्या वेळी." मातोश्री निमूटपणे बसमध्ये चढल्या. त्या संध्याकाळी किनाऱ्यावर सूर्यास्त पाहताना सर्वांनी छायाचित्रे काढली. त्यांपैकी एकाही चित्रात मातोश्री समुद्राकडे पाहत नाहीत, हे आमच्या लक्षात आले ते परवा, पुराव्याची चित्रे चाळताना.

तेव्हा दोष गोव्याचा नाही आणि समुद्राचाही नाही. स्थळ बरोबर निवडले होते, पण ते दुसऱ्याच्या यादीतून निवडले होते. काळाचीही तीच गत. मंगेशीची जत्रा माघात, कवळ्यास शांतादुर्गेचा उत्सव माघ शुद्ध पंचमीस. देवाचे पंचांग जानेवारी-फेब्रुवारीकडे बोट दाखविते तेव्हा मुलांच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. शाळेचे पंचांग आम्हांस नाताळात मोकळे सोडते. या दोन पंचांगांचा मेळ घालणे कोणाही पालकाच्या हाती नाही, आणि जत्रा चुकते म्हणून जाणेच सोडून देणे हाही शहाणपणा नव्हे. त्या दिवसांत धनुर्मास असतो, ही जमेची बाजू. किनाऱ्यावरील गोवा जागरण संपवून निजावयास जातो, त्या सुमारास वैष्णव परंपरेच्या देवळांत धनुर्मासाच्या पूजेची घंटा होते. दोन्ही गोवे खरे आहेत. बसच्या वेळापत्रकात मात्र पहाटेचा गोवा बसत नाही. आणि जत्रा नसली तरी सोमवारची पालखी आहेच.

खटल्याचा निकाल असा झाला. बर्फ पुढील वर्षावर ढकलले; चिरंजीवांनी हा अन्याय नोंदवून ठेवला आहे. यादी केलेली नाही. अग्रशाळेत चार रात्रींसाठी खोली मिळावी म्हणून देवस्थानास पत्र धाडले, होकार आला. मुक्कामात सोमवार येईल अशा बेताने दिवस धरले आहेत. कन्येस दोन दिवस समुद्र मिळेल, तोही सकाळी, गर्दी उठण्यापूर्वी. तिने आजीस आपण होऊन विचारले, की ती खोली कोणत्या बाजूस होती? मातोश्रींनी उत्तर दिले ते कोकणीत, आणि बरेच लांब.

मग त्यांनी इतक्या दिवसांत प्रथमच प्रश्न विचारला. "देवाक कितें व्हरतले?" आम्ही नारळ, ओटी, दक्षिणा अशी नेहमीची नावे घेतली. त्यांनी मान हलविली. माळव्यातून मंगेशास जावयाचे तर अभिषेकास नर्मदेचे पाणी न्यावे, असे त्यांचे म्हणणे. आणि ते बाजारच्या बाटलीतील नको, महेश्वरच्या घाटावर स्वतः उतरून भरलेले हवे. त्यामुळे येत्या रविवारी पुन्हा महेश्वर. पाणी तांब्याच्या गडूत भरून तोंड लाखेने बंद करावयाचे आहे. असा गडू विमानात हाताशी ठेवू देणार नाहीत, आणि सामानात टाकून देण्यास मातोश्री तयार नाहीत. म्हणून विमानाची तिकिटे रद्द करून अवंतिकेने मुंबई आणि तेथून कोकण रेल्वेने करमळी, असे ठरले आहे. एक दिवस अधिक लागेल. गडू कोणी सांभाळावयाचा यावरून दोन्ही मुलांत नवा वाद सुरू झाला असून तो अद्याप प्रलंबित आहे.